मोडीचा रुमाल आणि न उघडणारी चित्रफीत

दप्तरखान्यात हयात घालवलेल्या मनुष्यास एक भेद फार लवकर उमगतो. कागद नाहीसा होणे ही एक आपत्ती आणि कागद हाती असून तो वाचता न येणे ही दुसरी. पहिलीस इलाज नाही. दुसरीस असतो, मात्र तो वेळेत करावा लागतो. आदिलाबाद जिल्ह्यातील आपल्या जुन्या मराठी घराण्यांना हा भेद निराळा समजावून सांगावयास नको. वतनाचे कागद, इनामाच्या सनदा, सावकारीच्या वह्या, सोयरिकीच्या याद्या अशा कितीतरी गोष्टी आपल्या माळ्यांवरील पेट्यांतून पडून आहेत. त्यांतील काही मोडीत, काही फार्सीत, तर निजामी अमलाच्या अखेरच्या काळातील पुष्कळशा उर्दूत. आजोबा त्या घडाघडा वाचीत. वडिलांना त्या अर्ध्यामुर्ध्या लागत. आपल्यापैकी बहुतेकांना त्या केवळ वळणदार रेघा दिसतात. आणि तेलुगू व इंग्रजी शाळांतून शिकलेल्या नातवंडांना तर बाळबोध अक्षरही अडखळत वाचावे लागते. कागद मात्र जसाच्या तसा आहे. बदलला तो वाचणारा.

गेल्या तीस वर्षांत ह्याच पेट्यांत एका नव्या वस्तूची भर पडली आहे. लग्ने, मुंजी, सहस्रचंद्रदर्शने, गावच्या यात्रा आणि वडीलधाऱ्यांच्या अखेरच्या दिवसांतील बोलणे ह्यांच्या चित्रफिती आधी कॅसेटवर, मग सीडीवर, पुढे डीव्हीडी, पेन ड्राइव्ह आणि मोबाइलवर आल्या. आता अनेक घरांतून सारखीच तक्रार ऐकू येते. ‘लग्नाची सीडी संगणकात लागतच नाही’, ‘आजीचा आवाज येतो, पण पडदा काळा राहतो’, ‘मुलाने अमेरिकेहून पाठवलेली चित्रफीत उघडत नाही’. बहुतेक घरांत ह्यावर निकाल एकच असतो : सीडी खराब झाली, टाकून द्या. आमचे म्हणणे असे की, मोडी वाचता येत नाही म्हणून सनद चुलीत घालण्यासारखाच हा प्रकार आहे. चित्रफितीचा हा लेखनप्रकार कसा घडत गेला आणि त्या इतिहासातूनच तपासणीचा क्रम कसा निघतो, हे प्रस्तुत लेखात सांगण्याचा विचार आहे.

डोळ्यांनी वाचता येणारी फीत

हलत्या चित्रांचा आपल्याकडील इतिहास मराठी माणसाच्या हातून सुरू झाला, हे सर्वश्रुत आहे. दादासाहेब फाळके ह्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांपुढे आला. त्याच्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे एवढी दोनच उरली असे सांगण्यात येते; आणि तीही १९१७ साली फाळक्यांनी पुन्हा केलेल्या चित्रपटाची असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१ चा; त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुढच्याच वर्षीचा प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मात्र सुदैवाने वाचला. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर ह्यांनी गावोगाव हिंडून, पेट्या उघडून, जे मिळेल ते तेथे आणून ठेवले. तरीही जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फितींचा फार मोठा साठा भस्मसात झाला. नायट्रेटची फीत ज्वालाग्राही असते आणि एकदा पेटली की पाण्यानेही सहजी विझत नाही.

हा सारा वृत्तान्त पहिल्या प्रकारच्या आपत्तीचा, म्हणजे नष्ट होण्याचा आहे. परंतु त्या फितीचा एक गुण ध्यानात घेण्यासारखा आहे. रिळातला तुकडा हाती घेऊन उजेडासमोर धरला की चित्र दिसते. यंत्र नसले, कंपनी बुडाली, पुस्तिका हरवली, तरी डोळा आणि दिवा एवढ्या भांडवलावर ती वाचता येते.

ह्याचे एक उदाहरण आपल्या जिल्ह्याशी निगडित आहे. कोमरम भीम ह्यांचे बलिदान १९४० साली जोडेघाटला झाले. त्यानंतर निजाम सरकारने गोंडांच्या स्थितीचा अभ्यास करण्याचे काम मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ ह्यांच्याकडे सोपवले. ते मारलवाईस राहिले. त्यांच्या पत्नीची समाधीही तेथेच आहे. ‘आदिलाबादचे राजगोंड’ ह्या विषयावरील त्यांचा ग्रंथ १९४८ चा. त्यांनी आयुष्यभरात काढलेली हजारो छायाचित्रे आणि १६ मिलिमीटरच्या चित्रफिती लंडनच्या सोआस ह्या संस्थेत जपलेल्या आहेत. त्यांच्या संग्रहातील जुने तुकडे आजही उजेडासमोर धरले तर दिसतील. आणि आपल्या घरातील अवघ्या वीस-बावीस वर्षांपूर्वीचे लग्न दिसत नाही! हा विरोधाभास कोठून आला, ते पुढे पाहावयाचे आहे.

कॅसेटचे दिवस

सोनी कंपनीची बेटामॅक्स कॅसेट १९७५ ची आणि जेव्हीसी कंपनीची व्हीएचएस १९७६ ची. दोहोंच्या चढाओढीत व्हीएचएस जिंकली. आपल्याकडे १९८२ च्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने दूरदर्शन रंगीत झाले आणि १९८७ मध्ये ‘रामायण’ मालिकेने रविवारची सकाळ गावेच्या गावे एका खोलीत आणून बसवली. त्याच दशकात लग्नात छायाचित्रकारासोबत खांद्यावर कॅमेरा आणि हाती प्रखर दिवा घेतलेला दुसरा मनुष्य दिसू लागला. मंगलाष्टकांच्या वेळी भटजींपेक्षा त्याचाच शब्द अधिक चाले, हे आपणांस स्मरत असेल.

कॅसेटमधील फीत उजेडासमोर धरली तर केवळ तपकिरी पट्टी दिसते. चित्र तेथे चुंबकीय रूपात असते आणि ते वाचण्यास यंत्र लागते. तरीपण त्या यंत्रास भाषा शिकवावी लागत नसे. फीत झिजली तर चित्र पुसट होई, ओल लागून बुरशी आली तर पडद्यावर पांढऱ्या रेषा येत; पण जे असे ते कमीजास्त दिसे. दोष हळूहळू वाढे आणि डोळ्यांस आधी सूचना मिळे. आता अडचण यंत्राचीच आहे. व्हीएचएस यंत्रे बनवणारी अखेरची मोठी जपानी कंपनी फुनाई हिने २०१६ च्या जुलैमध्ये ते उत्पादन थांबवले. ज्यांच्या घरी कॅसेट आहेत त्यांनी चालू यंत्र असलेला कारागीर शोधून त्या संगणकावर उतरवून घेण्याचे काम सर्वांत आधी करावे. लिपी शिकता येते. न बनणारे यंत्र मिळणे कठीण.

आकड्यांची मोडी

ह्यानंतर चित्र आकड्यांत लिहिले जाऊ लागले. आकड्यांत लिहिणे तसे सोपे आहे : पडद्याचे बारीक ठिपके पाडावयाचे आणि प्रत्येक ठिपक्याचा उजेड व रंग नोंदवावयाचा. अडचण आकाराची होती. सीडीवरील चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचे, सेकंदाला २५ चित्रे. हे सरळ लिहून काढले तर तासाभराच्या चित्रासच सुमारे १३ ते १४ गिगाबाइट जागा लागते. आणि सीडीत मावतात सुमारे ६५० मेगाबाइट. म्हणजे मजकूर वीसहून अधिक पटींनी आखडल्यावाचून गत्यंतर नव्हते.

कारकुनी मजकूर आखडण्याची विद्या आपल्या पूर्वजांस अवगत होतीच. मोडी हा त्याचाच नमुना. हात न उचलता लिहावयाचे, वारंवार येणारे शब्द संक्षेपाने लिहावयाचे, आणि जे जाणकार वाचकास सहज कळेल ते गाळावयाचे. संगणकतज्ज्ञांनी चित्रासंबंधी असेच केले. ह्या युक्तीच्या मुळाशी जे गणित आहे ते बंगळुरास जन्मलेले आणि अमेरिकेत प्राध्यापक असलेले नासिर अहमद ह्यांनी १९७२ च्या सुमारास सुचवले आणि टी. नटराजन व के. आर. राव ह्या भारतीयांच्या सोबतीने १९७४ साली प्रसिद्ध केले. चित्राचे लहान चौकोन पाडून त्यातील उजेडाचे चढउतार मोजके आकडे वापरून सांगता येतात आणि डोळ्यांस न जाणवणारा बारकावा टाकून देता येतो, असा त्याचा सारांश. मोबाइलमधील छायाचित्रापासून लग्नाच्या सीडीपर्यंत सर्वत्र हेच गणित राबते आहे. आपल्या घरातील चित्र ज्या विद्येने जपले गेले तिच्या पायात भारतीय नावे आहेत, हे आपल्या मुलांस अवश्य सांगावे.

दुसरी युक्ती आणखी कारकुनी आहे. प्रत्येक चित्र पूर्ण लिहीत न बसता एक पूर्ण लिहावयाचे आणि पुढील चित्रांत केवळ फरक नोंदवावयाचा. सरकारी टिपणीत ‘सदरहू’ आणि ‘वर लिहिल्याप्रमाणे’ हे शब्द जे काम करतात तेच हे काम. परंतु त्यात जोखीम आहे. पहिले पान फाटले की ‘सदरहू इसम’ कोण, हे कळत नाही. सीडीवर ओरखडा पडून पूर्ण चित्राची नोंद बिघडली की पुढचे पूर्ण चित्र येईपर्यंत पडद्यावर चौकोनी चौकोनी डाग नाचतात, ते ह्याच कारणाने. कॅसेट झिजे तेव्हा चित्र पुसट होई. आकड्यांचे चित्र बिघडते तेव्हा ते पुसट न होता विस्कटते.

एमपेग ह्या आंतरराष्ट्रीय मंडळाची स्थापना १९८८ ची. त्याने ठरवलेल्या पहिल्या लिपीवर १९९३ साली व्हिडिओ सीडीचा नमुना बेतला गेला. १९९६ च्या सुमारास डीव्हीडी आली. तिची लिपी एमपेग-२. अमेरिका-युरोपात व्हिडिओ सीडीस फारसा मान मिळाला नाही. पण चीन, आग्नेय आशिया आणि आपला देश येथे ती स्वस्त म्हणून घरोघर गेली. ज्यांच्या घरची लग्ने १९९८ ते २००८ ह्या दशकात झाली, त्यांच्याकडे बहुतकरून दोन किंवा तीन सीडींचा संच असेल. चित्रपटगीतांची जोड दिलेला, आणि आरंभी गुलाबाच्या फुलातून वधूवरांचे मुख उमलणारा.

रुमाल निराळा, लिपी निराळी

फाइल का उघडत नाही, हे कळण्यासाठी पेशवे दप्तर पाहिलेल्यांस परिचित असा एक दाखला पुरेसा आहे. तेथे कागद रुमालांत बांधलेले असतात. रुमालावर क्रमांक असतो. पण त्यावरून आतील कागद मोडी आहे, फार्सी आहे की बाळबोध, हे कळत नाही. चित्रफितीच्या फाइलचेही तसेच आहे. फाइलच्या नावाअखेरचे ‘एव्हीआय’, ‘एमपीफोर’, ‘एमकेव्ही’, ‘थ्रीजीपी’ ही रुमालांची नावे. आत चित्राची एक लिपी, ध्वनीची दुसरी लिपी आणि कोणता तुकडा कोठे आहे ह्याची एक सूची असते. लिपी लिहिण्या-वाचण्याच्या कसबास संगणकाच्या भाषेत ‘कोडेक’ म्हणतात. म्हणूनच शेजारच्या घरचा एव्हीआय उघडतो आणि आपला उघडत नाही. रुमाल एक, अक्षर वेगळे.

ह्या लिप्यांची गर्दी कशी झाली, तोही इतिहासच आहे. ॲपलने १९९१ साली क्विकटाइम आणले. मायक्रोसॉफ्टने १९९२ साली एव्हीआय. पुढे रिअल कंपनीची निराळी लिपी आली. १९९९ च्या सुमारास एका फ्रेंच तरुणाने मायक्रोसॉफ्टचीच लिपी फोडून डिव्हएक्स काढली आणि तिच्यातून एक्सव्हिड जन्मली. त्या काळी स्थानिक छायाचित्रकाराच्या संगणकात जी लिपी असे, तीत लग्न लिहिले जाई. २००३ मध्ये एच-२६४ ही लिपी मुक्रर झाली आणि तिने पुष्कळ वर्षे जगावर राज्य केले. आजही सर्वांत अधिक यंत्रांना वाचता येणारी लिपी तीच. २०१३ मध्ये तिच्याहून निम्म्या जागेत मावणारी एच-२६५ किंवा एचईव्हीसी आली. २०१७ पासून नवे आयफोन तिच्यातच चित्र टिपू लागले. परदेशस्थ मुलांनी पाठवलेल्या चित्रफिती आपल्या संगणकावर उघडत नाहीत त्याचे मुख्य कारण हे होय.

येथे वाचक विचारतील की, संगणक बनवणाऱ्यांनी सर्व लिप्या आधीच का शिकवून ठेवू नयेत? उत्तर हक्कांच्या शुल्कात आहे. ह्या लिप्यांवर पेटंट असतात आणि वाचक-यंत्र देणाऱ्यास प्रतिसंगणक रक्कम मोजावी लागते. विंडोज ८ मध्ये, म्हणजे २०१२ साली, डीव्हीडी चालवण्याची सोय मूळ संचातून काढली गेली ती ह्याच खर्चापायी. पुढे विंडोज १० वर एचईव्हीसीचे कसब अल्प किमतीत वेगळे विकत घ्यावे लागू लागले. एमपेग-२ वरील अमेरिकेतील पेटंट २०१८ मध्ये संपले. पण तोवर संगणकांतून सीडी-डीव्हीडीचे कप्पेच नाहीसे होऊ लागले होते. वतनदारी कायद्याने गेली. ती दुसऱ्या रूपाने अशी परत आली, असे विनोदाने म्हणता येईल.

ह्यावर तोड काढली ती विद्यार्थ्यांनी. पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी विद्यालयात १९९६ साली सुरू झालेला उपक्रम २००१ मध्ये सर्वांस मुक्त झाला, तोच व्हीएलसी. त्यात बहुतेक सर्व लिप्या वाचण्याचे कसब आधीच भरलेले असते आणि त्याचे मूल्य काही नाही. २०२२ च्या फेब्रुवारीच्या सुमारास त्याचे संकेतस्थळ भारतात उघडेनासे झाले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात ती बंदी उठली. आज तो निर्वेध मिळतो.

तपासणीचा क्रम

आता व्यवहाराकडे वळू. पूर्वी एखादा अर्ज निकाली निघत नसे तेव्हा आम्ही आधी तो कोणत्या टेबलावर अडला आहे, हे पाहत असू. फाइलचेही तसेच करावे.

प्रथम फाइलचा आकार पाहावा. तिच्यावर उजवी कळ दाबून गुणधर्म पाहिले की तो दिसतो. अर्ध्या तासाच्या चित्रफितीचा आकार शून्य किंवा काही किलोबाइटच असेल, तर नक्कल अर्धवट झाली आहे. मूळ पेन ड्राइव्ह किंवा मोबाइलमधून ती पुन्हा घ्यावी. मूळ प्रत पुसून टाकण्यापूर्वी दोन्हींचे आकार ताडून पाहण्याची सवय लावावी.

दुसरे, लक्षण ओळखावे. आवाज येतो आणि चित्र काळे, तर चित्राची लिपी संगणकास येत नाही. चित्र दिसते आणि आवाज नाही, तर ध्वनीची लिपी येत नाही. जुन्या मोबाइलच्या थ्रीजीपी फाइलींत हे पुष्कळदा आढळते. दोन्ही आहेत पण चित्र अडखळते, तर लिपी येते पण हात चालत नाही. मोठ्या आकाराची नवी चित्रफीत वाचण्याची शक्ती जुन्या संगणकात नसते. आणि फाइल मुळीच उघडत नसेल, तर सूची हरवली असण्याचा संभव अधिक. पहिल्या दोन प्रकारांत व्हीएलसी घालून पाहावे. आमच्या पाहण्यातील बहुसंख्य तक्रारी तेथेच मिटतात.

तिसरे, व्हिडिओ सीडीविषयी. सीडी उघडली की ‘एमपेगएव्ही’ नावाचा कप्पा दिसतो आणि त्यात ‘एव्हीसेक०१’ अशा नावाची ‘डीएटी’ फाइल असते. ‘डीएटी’ हे नाव अनेक प्रकारच्या माहितीस दिले जाते, म्हणून संगणक गोंधळतो. तिची नक्कल संगणकावर घेऊन अखेरचे नाव ‘एमपीजी’ करावे किंवा व्हीएलसीत ती सरळ उघडावी. नक्कल करताना संगणक मध्येच थांबला तर घाबरू नये. व्हिडिओ सीडीत अधिक मजकूर मावावा म्हणून चूक दुरुस्त करणारा राखीव मजकूर कमी ठेवलेला असतो. त्यामुळे लहान ओरखडाही भोवतो. मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवून नव्हे. तरीही न जमल्यास दुसऱ्या संगणकाच्या कप्प्यात घालून पाहावी. एका कप्प्यास न वाचता आलेली सीडी दुसरा कप्पा कित्येकदा वाचतो.

चौथे, सूची हरवलेली फाइल. एव्हीआयची सूची मोडली असेल तर व्हीएलसी स्वतःच ती नव्याने बांधू का, असे विचारतो, होकार द्यावा. एमपीफोरचे प्रकरण अधिक बिकट. त्यात सूची बहुधा चित्रीकरण संपल्यावर अखेरीस लिहिली जाते. मध्येच बॅटरी गेली तर मजकूर सर्व असतो, सूची मात्र नसते. अशा फाइली दुरुस्त करणारी साधने आहेत. त्यांना त्याच मोबाइलने किंवा कॅमेऱ्याने टिपलेली एक चांगली फाइल नमुन्यादाखल द्यावी लागते. म्हणून जुना मोबाइल बदलताना त्यातील एक-दोन किरकोळ चित्रफितीही जपून ठेवाव्या.

पाचवे, सावधगिरी. पडद्यावर ‘ही चित्रफीत पाहण्यासाठी अमुक कोडेक उतरवा’ असा निरोप आला तर तो मानू नये. २००५ नंतरच्या काळात झ्लॉब नावाची घातक प्रणाली कोडेकचे सोंग घेऊनच असंख्य संगणकांत शिरली होती. मोडी वाचून देतो म्हणून आलेल्या अनोळखी मनुष्याच्या हाती आपण सनदांची पेटी देत नाही. तोच नेम येथे पाळावा.

नक्कल आणि अस्सल

फाइल एकदा उघडली म्हणजे काम संपले, असे नाही. ती पुढील पिढीस वाचता येईल अशा रूपात ठेवावी. ह्याचे दोन प्रकार आहेत. पहिला, आतील लिपी तशीच ठेवून केवळ रुमाल बदलणे. ह्यात चित्राचा कणही बिघडत नाही. दुसरा, जुन्या लिपीतून नव्या लिपीत उतरवणे, म्हणजे मोडीचे बाळबोध करणे. त्यासाठी हँडब्रेक हे विनामूल्य साधन सोयीचे आहे. एमपीफोर रुमालात एच-२६४ लिपी निवडावी. परंतु नकलेवरून नक्कल, तिच्यावरून आणखी नक्कल, असे केल्यास प्रत्येक खेपेस थोडा बारकावा गळतो. व्हॉट्सॲपवरून धाडलेल्या चित्रफिती उत्तरोत्तर धुरकट होत जातात, त्या ह्याचमुळे. तेव्हा नक्कल नेहमी अस्सलावरून करावी आणि अस्सल कधीही पुसू नये. आज न वाचता येणारे उद्या एखादा जाणकार वाचील.

सीडी उन्हापासून दूर, उभ्या ठेवाव्या. त्यांवर कागदी चिकटपट्टी लावू नये. आपण घरी किंवा दुकानात भरून घेतलेल्या सीडीत मजकूर रंगद्रव्याच्या थरात असतो आणि तो उजेडाने व उष्णतेने खराब होतो. आपल्या जिल्ह्यातील मे महिना त्या थराचा शत्रू समजावा. उतरवलेल्या फाइली दोन निरनिराळ्या हार्ड डिस्कवर आणि दोन निरनिराळ्या घरांत असाव्या.

आपल्याच अक्षरांचा अनुभव

हे सारे परक्या यंत्रविद्येचे खटले आहेत, असे कोणास वाटेल. परंतु आपल्या मराठी अक्षरांनीही हा भोग भोगला आहे. १९९० नंतर श्रीलिपी, आकृती इत्यादींच्या अक्षरसंचांत मराठी मजकूर संगणकावर लिहिला जाऊ लागला. प्रत्येक संचाची आतील सांकेतिक जुळणी वेगळी. तो संच नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली की रोमन अक्षरांची खिचडी दिसे. युनिकोड रूढ झाल्यावर ही आपत्ती बऱ्याच अंशी टळली. परंतु त्यापूर्वीच्या स्मरणिका, वंशावळी आणि संस्थांची इतिवृत्ते आजही कित्येक संगणकांत अशीच अडकून पडली आहेत. गंमत अशी की, लग्नाच्या सीडीवर त्याच अक्षरसंचात उमटवलेली वधूवरांची नावे आज स्वच्छ वाचता येतात, कारण ती चित्राचा भाग होऊन गेली. आणि त्याच संगणकावर टंकलेली निमंत्रणपत्रिका वाचता येत नाही.

मोडीचे दैव मात्र फिरले. शाळांतून ती विसाव्या शतकाच्या मध्यावर गेली. तरी जून २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत तिला स्वतःचे स्थान मिळाले. त्याच महिन्याच्या २ तारखेस आपले तेलंगण राज्य अस्तित्वात आले होते. मेलेली म्हणून सोडलेली लिपी साठ-सत्तर वर्षांनी संगणकात आली, ती कागद जपणाऱ्यांमुळे.

चेहऱ्यांची सूची

एका जुन्या घरी अशीच एक सीडी उघडून देण्याचा योग आम्हांस आला. २००३ सालचे लग्न. फाइलचे नाव बदलताच चित्र सुरू झाले. हळद दळताना जात्यावर बसलेल्या चार म्हाताऱ्या ओव्या म्हणत होत्या. त्यांच्या बोलण्यात वऱ्हाडी ठसका होता, मधूनच तेलुगू शब्द येत आणि एखादा दख्खनी उर्दूचाही. पैनगंगेच्या ह्या काठावर चार पिढ्यांत जी मराठी घडली, तिचा तो पुरावा होता. पाहणाऱ्यांपैकी एकदोघींना त्यातील दोन म्हाताऱ्या ओळखता आल्या. उरलेल्या दोघी कोण, हे सांगणारे त्या घरात कोणी उरले नव्हते.

चित्रफीत न उघडण्याचा हा अखेरचा प्रकार, आणि ह्यास व्हीएलसी उपयोगी पडत नाही. १९५६ साली किनवट व राजुरा तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि आपण येथे राहिलो. २०१६ साली आपल्या एका जिल्ह्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कोमरम भीम आसिफाबाद असे चार झाले. सीमा हलल्या, पण सरकारी कागदांत आपल्या जमिनींची नोंद राहिली. आपल्या बोलीची, ओव्यांची आणि चालीरीतींची नोंद मात्र कोणत्याही कचेरीत नाही. ती आहे तेवढी ह्या सीडींत.

म्हणून आमची विनंती अशी. प्रत्येक घराने येत्या दिवाळीच्या सुट्टीत, मुलेनातवंडे जमलेली असताना, आपल्याकडील कॅसेट, सीडी आणि फाइलींची एक यादी करावी : प्रसंग, गाव, वर्ष आणि ती कशावर आहे. ज्या उघडतात त्या घरातील सर्वांत वडील व्यक्तीस दाखवाव्या आणि कोणत्या मिनिटास कोण दिसते, हे त्यांच्या तोंडून ऐकून कागदावर लिहून घ्यावे. ही नावे देवनागरीत लिहावी आणि शेजारी तेलुगूतही लिहावी; आपली नातवंडे कोणती लिपी वाचतील, हे आज आपणांस ठाऊक आहे. ज्या उघडत नाहीत त्या वेगळ्या बांधून त्यांवर ‘अद्याप वाचावयाच्या आहेत’ असे लिहून ठेवावे. ‘खराब’ असे लिहू नये.